असुरबनिपाल क्लेमेंटीला जातो

सिंगापूरहून परत आल्यापासून कराडात जो भेटेल तो विचारतो, "काय सर, काय काय पाहिलंत?" त्या अजस्र पाळण्यात बसलात का, रात्रीचं प्राणिसंग्रहालय पाहिलंत का, सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं तिथे फोटो काढलात का? यांतल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे 'हो' नाही. तीन आठवडे राहून मी सिंगापूर जेमतेम पाहिलं. बराचसा काळ मी असिरियात होतो आणि उरलेला इराणात, आणि दोन्हीकडे माझा पराभव झाला.

आधी ओळख करून देतो, कारण पुढे जी शोभा होणार आहे ती नेमकी कुणाची हे वाचकाला कळायला हवं. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. प्राचीन जग हा माझा हातखंडा. असिरियन साम्राज्याच्या उदयाची कारणे पाच, ऱ्हासाची चार, इराणच्या दारियस राजाची राज्यव्यवस्था यावर टीप. नोट्सची एक वही होती, ती नोकरीला लागलो तेव्हा काढली आणि निवृत्तीपर्यंत तीच पुरली. मी सांगायचो, मुलं लिहून घ्यायची. प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. असिरियाच्या शूर आणि क्रूर राजांचं वर्णन करताना माझा आवाज असा काही चढायचा की मुलं मागे मला त्यांतल्याच एका राजाच्या नावाने 'असुरबनिपाल' म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि लाज सोडून सांगायचं तर आवडतही होतं.

आता जे लिहितो ते कराडात कुणालाच माहीत नाही. सोळा वर्षांपूर्वी माझी मुलगी मुग्धा नोकरीसाठी सिंगापूरला निघाली. एकटीने परदेशात राहायचं नाही, असं माझं फर्मान होतं. ते तिने मोडलं. मी तिला सोडायला विमानतळावर गेलो नाही, आमची ही, म्हणजे सुमती, एकटी गेली. मी घरी उत्तरपत्रिका तपासत बसलो. बरं, मे महिना होता, उत्तरपत्रिका केव्हाच परत गेल्या होत्या. कोरे कागद पुढ्यात ओढून, लाल पेन हातात धरून मी बसलो होतो.

पुढे मुग्धाचं बस्तान बसलं, तसा मी लोकांना सांगायला लागलो की मीच तिला पाठवलं, स्वतः मुंबईपर्यंत सोडायला गेलो, पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जा बेटा, जग बघ." इतक्यांदा सांगितलं की विमानतळावर त्या दिवशी किती गर्दी होती, हेही मी सांगू लागलो. मी ही कथा लावली की ही खाली मान घालून सुपारी कातरत बसते. मुग्धा समोर असली तरी काही बोलत नाही. आणि मी मात्र सोळा वर्षं तिच्या घरी गेलो नाही. कधी गुडघा आडवा आला, कधी परीक्षा. खरं कारण एवढंच की तिच्या दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते मला माहीत होतं, आणि ते तोंडातून निघेल असं वाटत नव्हतं.

या खेपेला हिने मला न विचारता तिकिटं काढली. "तुम्ही नाही आलात तरी मी चालले," म्हणाली. वर एक गळही टाकला. नात आर्या, वय वर्षं तेरा, शाळेत एक सादरीकरण करणार होती आणि तिने विषय घेतला होता असिरिया आणि इराण. मी त्याच संध्याकाळी माळ्यावरून नोट्सची वही काढली. हिने म्हटलं चिवड्याचा डबा हातातल्या पिशवीत घ्या. मी डबा सामानात टाकला आणि वही हातात घेतली.

क्लेमेंटी, पहिले दोन दिवस

मुग्धाचं घर क्लेमेंटीला, आठव्या मजल्यावर. जावई जवळच्याच विद्यापीठात संशोधन करतात, ते त्या महिन्यात परदेशी परिषदेला गेले होते. घराबाहेरच्या लांब व्हरांड्यात प्रत्येक दारापाशी चपला-बुटांची मांडणी, सायकली, कुंड्या, आणि कशालाही कुलूप नाही. कराडात देवळाबाहेर नवी चप्पल काढून मी कधी एकचित्ताने दर्शन घेतलेलं नाही. इथे मी दोन दिवस रोज सकाळी दार किलकिलं करून माझ्या चपला आहेत का ते बघत होतो. शेजारच्या चिनी आजींना वाटलं हा मनुष्य त्यांच्या कुंड्यांवर डोळा ठेवून आहे. त्यांनी कुंड्या आत घेतल्या.

मुग्धाने दार उघडून "या बाबा" म्हटलं तेव्हा ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "लिफ्ट छान आहे."

आर्याला मी लगेच वही दाखवली. तिने पिवळी पानं हलक्या हाताने उलटली आणि आईला म्हणाली, "सो ओल्ड, लाह! धिस इज आर्टिफॅक्ट." तिला मराठी कळतं, बोलताना मात्र ती अर्ध्या वाटेवर गाडी बदलते आणि मागे सिंगापुरी 'लाह' जोडते. मी विचारलं, "हा विषय का घेतलास गं? आजोबांचा म्हणून?" वंशपरंपरेने इतिहास उतरला, असं माझ्या मनात पक्कं झालं होतं. "नो," ती म्हणाली, "कॉम्प्युटर गेम आहे. त्यात मी असिरियाच घेते नेहमी. लवकर जिंकतात." ही स्वयंपाकघरात हसली, ते बाहेर ऐकू आलं.

तरी मी बसलो सांगायला. "लिहून घे. असिरियन साम्राज्याच्या उदयाची कारणे. एक, लोखंडी शस्त्रे. दोन, शिस्तबद्ध सैन्य. तीन..."

"कोण सांगतं?"

"कोण म्हणजे? मी सांगतोय."

"नाही आजोबा. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकाला कोणी सांगितलं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे बाक नव्हता, सोफा होता, आणि त्यावर मीच बसलो होतो.

कागदी रुमालाचं साम्राज्य

तिसऱ्या दिवशी दुपारी मुग्धा आम्हाला हॉकर सेंटरला घेऊन गेली. एका छपराखाली पन्नाससाठ खाण्याची दुकानं, मधे टेबलं, आणि सगळं गाव जेवायला लोटलेलं. "बाबा, तुम्ही जागा बघा, मी घेऊन येते," म्हणून ती रांगेत गेली. मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर कागदी रुमालांचं एक छोटं पाकीट होतं. पाहुण्यांची केवढी काळजी, असं म्हणून मी पाकीट फोडलं, घाम पुसला, मान पुसली, दोन रुमाल हिला दिले आणि ऐसपैस बसलो.

पाच मिनिटांत तीन तरुणी हातात गरम वाडगे घेऊन समोर उभ्या. एक माझ्याकडे, एक पाकिटाकडे, एक माझ्या मानेकडे बघत होती. आर्या धावत आली, त्यांना चारदा "सॉरी" म्हणाली आणि मला हाताला धरून उठवलं. इथे टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं. पाटी नाही, राखणदार नाही, तरी कोणी हात लावत नाही. असिरियाची राजधानी निनेवे, तिथल्या राजांना सीमेवर दगड उभारावे लागले, त्यांवर शाप कोरावे लागले. दारियसने प्रांतोप्रांती क्षत्रप नेमले आणि क्षत्रपांवर नजर ठेवायला हेर नेमले. सिंगापुरात हे काम दहा कागदी रुमाल करतात. त्या राज्यावर पहिली परकी स्वारी कराडच्या निवृत्त शिक्षकाने केली.

चिडून मी स्वतःच्या मनाने खायला मागवायचं ठरवलं. पाटीवर 'कॅरट केक' होता. गाजराचं काहीतरी गोड असणार म्हणून मोठी बशी घेतली. आला तो मुळ्याचा कीस आणि पीठ थापून केलेला, अंड्यात परतलेला, तिखटजाळ पदार्थ. गाजर औषधालाही नाही.

"नाव लिहिलं म्हणून ते खरं नसतं," आर्या म्हणाली. एवढं वाक्य मात्र तिने पूर्ण मराठीत टाकलं. चव बरी होती. मी सगळा संपवला, पण कौतुक केलं नाही.

क्वीन्सटाउनचं वाचनालय

आर्याबरोबर एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, चार स्टेशनं जाऊन क्वीन्सटाउनच्या जुन्या वाचनालयात आम्ही सलग पाच दुपारी बसलो. गाडीत मी तिला इराणच्या राजमार्गाबद्दल सांगत होतो, ठिकठिकाणी ताजे घोडे तयार, निरोप कसे वाऱ्यासारखे जात. माझा आवाज वर्गाचा. अख्खा डबा मोबाईलमधून मान काढून दारियसचा डाकविभाग ऐकत होता. आर्या खिडकीकडे तोंड करून बसली. उतरायच्या आधीचं कॉमनवेल्थ स्टेशन येईपर्यंत ती माझी नात असल्याचं कुणालाही सांगता आलं नसतं.

वाचनालयात मात्र तिने मला शिकवलं. एका मोठ्या पुस्तकात असुरबनिपालच्या राजवाड्यातल्या भिंतींची चित्रं होती. रथातला राजा सिंहाला बाण मारतोय, एक सिंहीण मागचे पाय ओढत गुरगुरतेय. हे चित्र मी एकतीस वर्षं राजाच्या शौर्याचं उदाहरण म्हणून वर्णन केलं, कधीही न बघता. आर्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक पिंजरा होता, वर बसलेला माणूस त्याचं दार उचलत होता आणि सिंह बाहेर पडत होता.

"आजोबा, सिंह त्यांनीच आणून ठेवले होते. हे पण त्यांनीच दाखवलं. सो फनी."

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. पिंजरा होताच.

मग एकेक प्रकरण निघत गेलं. असिरियन क्रूर, हे माझ्या वहीतलं वाक्य. बरोबर, पण ती क्रौर्याची वर्णनं बरीचशी त्यांनीच कोरून ठेवलेली, ऐकणाऱ्याने धसका घेऊन मुकाट खंडणी द्यावी म्हणून. इराणचा सायरस उदार, हेही माझंच वाक्य. त्याने बाबिलोन जिंकलं, पकडून आणलेल्या लोकांना घरी जाऊ दिलं. पण त्याच्या मोठेपणाचा तो मातीचा लेख त्याच्याच नावाने लिहिलेला, आणि भिंतीच्या पायात पुरलेला. आणि दारियस! त्याने तर उंच कड्यावर आपली विजयगाथा कोरली, विरोधात गेला तो प्रत्येकजण खोटारडा ठरवला, आणि ती इतक्या उंचीवर की खालून जाणाऱ्याला वाचता येऊ नये.

"हरलेलं कोणी लिहितच नाही का?" आर्याने विचारलं.

"नाही. हरलेलं कोण कोरून ठेवणार?" मी म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो. परतीच्या गाडीत मी दारियसचं नाव काढलं नाही. आर्याला बरं वाटलं असावं.

रविवार

मुग्धाने रविवारी दुपारी चारपाच मराठी कुटुंबांना चहाला बोलावलं. सगळे पुण्यामुंबईचे. कोणी रॅफल्स प्लेसच्या बँकांत, मुग्धासारखेच, कोणी संगणकावर. हिने साबुदाणा वडे केले. आधी आर्याने तिचं सादरीकरण सराव म्हणून टीव्हीवर दाखवलं. पोरीने सोनं केलं. शेवटी तिने चार प्रश्न मांडले: कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, का सांगतंय, आणि दुसरं कोणी तेच सांगतंय का. टाळ्या पडल्या. मी सगळ्यांकडे बघून मान हलवत होतो, जणू हे मीच बसवलेलं नाटक होतं.

तेवढ्यात मुग्धाची मैत्रीण रेवती म्हणाली, "काका, कमाल आहे हं तुमची. माझ्या बाबांनी मला हो म्हणायला दोन वर्षं लावली. तुम्ही तर म्हणे स्वतः सोडायला आला होतात?"

कथा तिच्यापर्यंतही पोचली होती. आणि सवय ही अशी हलकट गोष्ट आहे, की मी सुरू झालो. "अहो, मुलीला अडवायचं कशाला? मी स्वतः गेलो विमानतळावर. काय ती गर्दी! पाठीवर हात ठेवला आणि..."

"आजोबा," आर्याने हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा. "दुसरं कोणी तेच सांगतं का? आजी, तू होतीस ना?"

तिच्या मनात काही नव्हतं. सराव चालू होता. सगळे हसले. ही कोथिंबीर निवडत होती, तिने सोळा वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. "मला नको विचारूस," म्हणाली, "सरांनाच विचार."

मुग्धा वड्यांची थाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, थाळीकडे बघत होती. कान तेवढे लाल झाले होते. लहानपणी वर्गात माझा ओरडा खाल्ला की व्हायचे, तसे.

मला खूप भीती वाटली. अजून सांगतो, परीक्षेला इन्स्पेक्टर आले तेव्हाही वाटली नव्हती इतकी. गुडघा दुखतो म्हणून आत जाऊन पडता आलं असतं. पण चित्राच्या कोपऱ्यात एकदा पिंजरा दिसला की दिसला.

"मी गेलो नव्हतो," मी म्हणालो. "मुग्धाची आई गेली होती. मी घरी होतो. मी मुग्धाला म्हटलं होतं, गेलीस तर या घरात तुझं नाव काढणार नाही. आणि दहा महिने काढलं नाही. बाकीचं मी नंतर रचलं."

रेवती बिचारी कप हातात धरून बसली होती. आर्याचं तोंड उघडंच राहिलं.

"वडे गार होतायत," मुग्धा म्हणाली. थाळी टेबलावर ठेवली आणि आत गेली.

मी तिच्या मागे गेलो. ती बेसिनपाशी पाण्याचा नळ सोडून उभी होती, धूत काहीच नव्हती. शेवटी ते वाक्य निघालं. सोळा वर्षं जपून आणलेलं, पण बोललं तेव्हा अगदीच आखूड निघालं. "चुकलं माझं, मुग्धा."

तिने नळ बंद केला. "मला वाटायचं, तुम्हाला आता खरंच तसं आठवतं," ती म्हणाली. "म्हणून कधी बोलले नाही." मग पदर नव्हता म्हणून टॉवेलला डोळे पुसले. "आणि बाबा, खोटं असलं तरी ऐकायला बरं वाटायचं हो. तुम्ही सांगायला लागलात की मी मुद्दाम जवळ येऊन बसायचे."

यावर कारणे पाच लिहा म्हणाला असता कोणी, तर एकही सुचलं नसतं. मी तिच्या हातातून टॉवेल घेतला आणि कोरडे कप पुसत उभा राहिलो. ती म्हणाली, "पुसलेलेच आहेत ते." मी म्हटलं, "असू दे."

निघताना

उरलेले दिवस भराभर गेले. चिनी आजींच्या कुंड्या परत बाहेर आल्या. शेवटच्या आठवड्यात मी हॉकर सेंटरला आधी स्वतःचं पाकीट टेबलावर ठेवून मगच रांगेत गेलो, परत आलो तर टेबल जागेवर, माझंच. इतका आनंद मला मुख्याध्यापक झालो तेव्हा झाला नव्हता. आर्याच्या सादरीकरणाचं कौतुक झालं. शेवटच्या चित्राखाली तिने मदत करणाऱ्याचं नाव लिहिलं होतं, माझं, आणि पुढे कंसात, 'दुरुस्तीनंतर विश्वासार्ह'. मी ते पान छापून मागितलं. नोट्सच्या वहीत घालून आणलंय.

आमचं विमान बुधवारी दुपारचं. आर्याची शाळा, जावई अजून बाहेरगावी आणि मुग्धाची त्याच वेळी कचेरीत मोठी बैठक. आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मला नाही जमणार हो यायला." मी म्हटलं, "अगं, काम आधी." मनापासून म्हटलं. वाईट वाटलं, पण तक्रार करायला तोंड कुठे होतं मला? टॅक्सीने आम्ही दोघेच चांगी विमानतळावर गेलो. सामान दिलं. आत जायच्या दारापाशी लोक एकमेकांचे फोटो काढत होते. ही म्हणाली, "थांबू या जरा." मी म्हटलं, "कुणासाठी?" तरी थांबलो.

पारपत्रं हातात घेऊन रांगेला लागणार, तेवढ्यात मागून "बाबा!" मुग्धा पळत येत होती. गळ्यात कचेरीचा बिल्ला, उंच टाचांचे बूट हातात, पाय अनवाणी. चांगीच्या त्या चकचकीत फरशीवर कचेरीतली बाई अनवाणी धावतेय आणि सगळे वळून बघतायत. मला धाप तिच्याआधी लागली.

"बैठक?" मी विचारलं.

"चालू आहे तिकडे," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता. माझ्या पाठीवर तिने हात ठेवला. "जा बाबा. आणि हे कराडात सगळ्यांना सांगा. मी आले होते."

दारातून आत गेल्यावर मी तीनदा मागे वळून पाहिलं, ती तिन्ही वेळा तिथेच होती, बूट हातात घेऊन.

म्हणून हे लिहिलं. उंच पाळण्यातून शहर कसं दिसतं ते मला सांगता येणार नाही. पण मुग्धा बैठक टाकून आली होती, अनवाणी धावत आली होती, आणि मी मागे वळून पाहिलं होतं, एवढं नक्की सांगतो. माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका. सुमती शेजारीच उभी होती. तिला विचारा.